फॉरमॅट मारा, पण त्या डिस्कवर नको

नमस्कार.

वेंगुर्ल्याजवळच्या तुमच्या काजू कारखान्यातल्या कॉम्प्युटरचं दुखणं वाचलं. मला समजलं ते असं. २०१६ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, विंडोज १०. सुरू व्हायला वीस मिनिटं लागतात, टॅली उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. मे महिन्यापासून मधेच निळा पडदा येतो, आणि गेल्या आठवड्यात एक्सेलची एक फाइल करप्ट म्हणून उघडेना. तुम्ही कुठेतरी वाचून एसएफसी, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासून दुरुस्त करणारी आज्ञा, चालवलंत. त्याने सांगितलं, खराब फाइली सापडल्या पण काही दुरुस्त करता आल्या नाहीत. आता दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारू, मेव्हणा म्हणतो रॅम वाढव, शेजारी म्हणतो विंडोज ११ टाक. आणि तुम्ही स्वतः आज रात्री चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून तिच्यावरच्या चुका जुळवणारी विंडोजची आज्ञा, लावून झोपणार आहात.

शेवटचं आधी सांगतो: आज रात्री चेकडिस्क लावू नका. का, ते पुढे येईलच.

बाकी तिघांचंही थोडंथोडं खरं आहे, पण क्रम तिघांचाही चुकलाय. मी कुडाळात बावीस वर्षं हेच काम करतो. मालवणपासून सावंतवाडीपर्यंतचे फोन येतात आणि बहुतेक फोनची सुरुवात एकच असते, "कॉम्प्युटर झोपलो हा, जरा येवन बघ." झोपलेला की आजारी, हे फोनवर कळत नाही. तुम्ही नीट तपशील दिलात म्हणून इथे थोडा अंदाज बांधता येतोय.

मशीन नुसतं हळू असेल तर कारणं पन्नास असतात. रॅम कमी, सुरू होतानाच पंधरा प्रोग्रॅम उठतात, दोन अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेत, पंखा धुळीने अडकून प्रोसेसर तापतोय आणि तापला की आपणहून वेग कमी करतोय. नुसत्या फाइली करप्ट होत असतील तर कारणं वेगळी: लाईट जाणं, रॅममधला दोष, व्हायरस. पण हळू आणि करप्ट ही दोन्ही लक्षणं जोडीने आली की माझं बोट पहिल्यांदा हार्डडिस्ककडे जातं. डिस्कवरचा एखादा सेक्टर, म्हणजे डेटा लिहायचा लहानसा कप्पा, कमजोर झाला की डिस्क पहिल्याच फटक्यात हार मानत नाही. पुन्हा वाचून बघते, पुन्हा बघते, आणि तेवढा वेळ विंडोज दारात ताटकळत उभी राहते. तुम्हाला बाहेरून दिसतं की मशीन हँग झालं. शेवटी वाचता आलं तर काम पुढे सरकतं, नाही आलं तर ती फाइल गेली. म्हणजे मंदपणा आणि करप्ट होणं हे दोन वेगळे आजार नसून एकाच आजाराची आधीची आणि नंतरची पायरी असू शकते.

एसएफसीने हात का टेकले तेही यातच आहे. खराब झालेल्या सिस्टिम फाइलीच्या जागी ते चांगली प्रत आणून ठेवतं, पण ती प्रत आणतं कुठून? त्याच सी ड्राइव्हवर विंडोजने करून ठेवलेल्या साठ्यातून. भातात किडे निघाले म्हणून कणगीतले दुसरे तांदूळ काढायला जावं, तर कणगीलाच कीड लागलेली. तुमच्याकडे तसं झालेलं दिसतंय. मात्र कीड कशामुळे लागली, ओल आली की उंदराने भोक पाडलं, हे एसएफसी सांगत नाही. ते आपल्याला शोधायचंय.

आधी डेटा बाहेर

आज करायचं काम दुरुस्तीचं नाही, डेटा काढायचं आहे. डिस्क चांगली निघाली तर अर्धा दिवस फुकट गेला एवढंच. वाईट निघाली तर हाच अर्धा दिवस तुमचा हंगाम वाचवेल.

चेकडिस्क नको म्हटलं ते यासाठी. पूर्ण तपासणीच्या पर्यायाने लावलेलं चेकडिस्क डिस्कचा कोपरान् कोपरा वाचून काढतं. धडधाकट डिस्कला त्याने काही होत नाही. मरायला टेकलेल्या डिस्कला मात्र ती रात्र शेवटची ठरू शकते. शिवाय चेकडिस्कची निष्ठा फाइल सिस्टिमशी, म्हणजे फाइली मांडण्याच्या रचनेशी असते, तुमच्या फाइलींशी नाही. रचना जुळवताना ज्या तुकड्याचा पत्ता लागत नाही तो ते वेगळ्या फोल्डरमध्ये नंबर घालून टाकून देतं किंवा सरळ काढून टाकतं. सकाळी ड्राइव्ह एकदम स्वच्छ आणि मार्चची खरेदी गायब, असं मी माझ्या टेबलावर पाहिलंय.

मशीनमधून टक्, टक्, टक् असा ठरावीक लयीत आवाज येत असेल तर पुढचं काहीही न करता स्विच बंद करा. तो आवाज आतलं हेड, म्हणजे तबकडीवरून डेटा वाचणारा काटा, अडखळल्याचा असतो, आणि अशी डिस्क घरी चालू ठेवणं म्हणजे डेटा खरवडून काढणं. मग एकच प्रश्न उरतो, त्या डेटाची किंमत डेटा रिकव्हरीच्या खर्चापेक्षा जास्त आहे का. त्याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

आवाज नसेल तर एक्स्टर्नल डिस्क लावा आणि महत्त्वाचं ते आधी काढा, मोठं ते नंतर. लोक नेमकं उलटं करतात. लग्नाच्या व्हिडिओपासून सुरुवात करतात आणि टॅलीची पाळी येईपर्यंत डिस्क मान टाकते. टॅलीचा डेटा डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये नसतो हे ध्यानात ठेवा. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावाची फोल्डरं दिसतात, एका कंपनीचं एक. तो डेटा नेमका कुठे ठेवलाय ते टॅलीतच कंपनी निवडण्याच्या पडद्यावर दिसतं. आधी ते उचला. मग एक्सेल, जीएसटीची पत्रकं, मेल, डाउनलोड्स फोल्डर, ब्राउझरमधले पासवर्ड.

आणि फाँट. काजूच्या पाकिटांची लेबलं तुम्ही मराठीत छापता असं लिहिलंय. ती जुन्या श्रीलिपी किंवा तसल्या युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये केलेली असतील तर ते फाँट आणि तो प्रोग्रॅमही जपून ठेवा. फॉरमॅटनंतर दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी माझ्याकडे रडत येतं, "सगळ्या फाइली करप्ट झाल्या, अक्षरांच्या जागी इंग्रजी कचरा दिसतोय." फाइल धडधाकट असते, फक्त फाँट नसतो. या मुलखातल्या निम्म्या छापखान्यांना आणि ग्रामपंचायतींना हा अनुभव असेल.

विंडोजमधून कॉपी करणं फारच रखडत असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह तयार करा आणि मशीन त्यावरून सुरू करा. विंडोज उठवण्यात डिस्कची जी दमछाक होते ती टळते. विंडोज आधी नीट बंद झालेली नसेल तर लिनक्स बहुधा तो ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतं. बरंच आहे, आपल्याला त्यावर काही लिहायचंच नाही. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली तर ती सोडून पुढे जा. हट्ट धरू नका. अडकलेल्या फाइली सगळ्यात शेवटी.

उघडत नसलेल्या एक्सेल फाइलचं म्हणाल तर तिची एक प्रत करून प्रतीवर प्रयोग करा. एक्सेलमध्ये फाइल उघडण्याच्या चौकटीत ओपनच्या बटणाशेजारी लहान बाण असतो, त्यात ओपन अँड रिपेअर आहे. नव्या पद्धतीची एक्सेल फाइल म्हणजे आत बरेच तुकडे भरलेलं झिपचं गाठोडं असतं. एखादाच तुकडा बिघडला असेल तर बाकीचे हाती लागतात. सूत्रं जातील पण आकडे राहतील, असं बऱ्याचदा होतं.

डिस्कची नाडी

डेटा बाहेर आला की मग क्रिस्टल-डिस्क-इन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम चालवा. डिस्क स्वतःबद्दलच्या काही नोंदी आतल्या आत ठेवत असते, त्या हा वाचून दाखवतो. वर निळ्या रंगात 'गुड' दिसलं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका, खाली चार ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे ज्यांच्या जागी राखीव सेक्टर वापरावे लागले त्यांची संख्या. सी५ म्हणजे संशयित, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर. सी६ म्हणजे अजिबात वाचता न आलेले. आणि सी७ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर झालेल्या चुका. शेवटच्या रकान्यातले आकडे मुळात सोळाच्या पायावर असतात, त्यामुळे तिथे 'ए' दिसलं तर ते दहा. सेटिंगमध्ये जाऊन ते नेहमीच्या दशमान आकड्यांत करून घेता येतात.

माझा हिशेब असा. सी५ किंवा सी६ शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर धंद्याचा डेटा ठेवायचा नाही, मग ती वरवर कितीही बरी चालो. ०५ लहान असेल आणि महिनाभर तिथेच थांबला असेल तर एक वेळ चालवून घेतो. वाढत असेल तर नाही.

सी७ची गोष्ट वेगळी, आणि ती मी माझी फजिती करून घेऊन शिकलो. मालवण बंदराजवळ मासळीचा हिशेब ठेवणारं एक गिऱ्हाईक होतं. वर्षभरात त्यांचं मशीन तीनदा फॉरमॅट झालं, त्यातलं दोनदा माझ्याच हातून. दर वेळी दोन महिने छान चालायचं, मग पुन्हा फाइली करप्ट, पुन्हा निळा पडदा. ते माझ्याकडे तिसऱ्यांदा आलं तेव्हा मी आधी या नोंदी बघितल्या. ०५, सी५, सी६ शून्य आणि सी७ हजारात. म्हणजे डिस्क निर्दोष, वाट खराब. डिस्क मदरबोर्डाला जोडणारी साटा केबल उपसली तर टोकाचे पत्रे काळे पडलेले. खाऱ्या वाऱ्याचं काम. केबल बदलली आणि पुढे ते मशीन मोडीत निघेपर्यंत त्याला फॉरमॅट मारावा लागला नाही. आधीच्या दोन फॉरमॅटचे पैसे घेतल्याची लाज मला अजून वाटते. सी७चा आकडा एकदा चढला की खाली येत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो आणखी चढतो का तेवढं बघायचं.

सोबत इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही उघडून विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम बघा. 'डिस्क'च्या नावाने ७ नंबरची नोंद म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करावं लागलं, 'एनटीएफएस'च्या नावाने ५५ म्हणजे फाइलींची रचना बिघडली. कर्नल-पॉवर ४१ तुमच्याकडे ढिगाने दिसतील. त्याला घाबरू नका, त्याचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद न होता बंद पडलं. पण त्या नोंदींच्या तारखा आणि तुमच्याकडे लाईट गेल्याच्या वेळा जुळतात का ते जरूर बघा.

डिस्क आणि केबल दोन्ही निर्दोष निघाले तर संशय रॅमवर. याची एक खूण आहे. एसएफसी दोनदा-तीनदा चालवलं आणि दर वेळी वेगवेगळ्याच फाइली खराब निघाल्या, तर फाइली खराब नसून त्या वाचणारा डोळा खराब आहे. मशीन बंद करून, भिंतीतला प्लग काढून रॅम उपसा, तिचे सोनेरी पाय शाळेतल्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका, परत नीट बसवा. किनारपट्टीवर या खोडरबराने जेवढी मशीनं उठवली तेवढी कुठल्याही सॉफ्टवेअरने उठवली नसतील. त्यानंतर विंडोजची मेमरी तपासणी किंवा मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावा. चेकडिस्कऐवजी हे लावून झोपलात तरी चालेल.

विंडोजची दुरुस्ती कधी आणि कशी

आता दोन वाटा फुटतात, आणि कुठली धरायची ते वरच्या आकड्यांवर आहे.

डिस्क, केबल, रॅम तिन्ही चांगली असतील तर आहे तीच विंडोज दुरुस्त करा. आधी कणगी, मग ताट. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि डिझम चालवा. इंग्रजीत असं टाइप करा: DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth, प्रत्येक तिरप्या रेघेआधी एक मोकळी जागा. हे खराब साठ्याच्या जागी मायक्रोसॉफ्टकडून चांगल्या फाइली आणतं, म्हणून नेट लागतं. मधेच एका टक्क्यावर अडकल्यासारखं दिसेल. अडकलेलं नसतं, बंद करू नका. ते संपलं की पुन्हा एसएफसी. आता त्याला चांगल्या प्रती मिळतील आणि बहुतेकदा निकाल बदलतो.

तेवढ्याने भागलं नाही तर विंडोजच्या सेटअपचा पेनड्राइव्ह करून, चालू विंडोजमधूनच तो सेटअप चालवायचा आणि फाइली व प्रोग्रॅम ठेवण्याचा पर्याय निवडायचा. विंडोज स्वतःवरच नव्याने बसते, टॅली आणि प्रिंटर जागच्या जागी राहतात. विंडोजची भाषा आणि आवृत्ती आहे तीच हवी, नाहीतर तो पर्याय मिळत नाही. पेनड्राइव्ह कमीत कमी ८ जीबीचा लागतो आणि डाउनलोड चार-पाच जीबीचं असतं, तेव्हा मोबाइलच्या नेटवर घरी बसण्यापेक्षा ज्याच्याकडे फायबर आहे त्याच्याकडून करून आणा.

डिस्क वाईट निघाली तर मात्र यातलं काहीच करू नका. कुजलेल्या वाशावर नवी कौलं चढवण्यात अर्थ नाही. दुकानदाराचा फॉरमॅट म्हणजे नेमकं तेच. त्याचा सल्ला चुकीचा नाही, डिस्क चुकीची आहे. नवी एसएसडी, म्हणजे फिरणारी तबकडी नसलेली डिस्क घ्या, तिच्यावर कोरी विंडोज टाका, जुनी डिस्क बाजूला काढा. जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर क्लोन करून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. एरवी क्लोन ही सोय आहे, पण तुमच्या विंडोजला कीड लागलेली आहे, ती किडीसकट तिकडे जाईल. विंडोजचं लायसन्स खरं असेल तर ते मदरबोर्डाशी जोडलेलं असतं. डिस्क बदलून तीच आवृत्ती टाकली की नेट मिळाल्यावर आपोआप चालू होतं.

तुमची लक्षणं पाहता मी दुसऱ्या वाटेवर पैज लावेन. पण ती पैजच आहे. आकडे बघितल्याशिवाय डिस्क विकत घेऊ नका.

वेगाचं उत्तरही एसएसडीत आहे. डेस्कटॉपच्या साध्या हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला १२०. वाचायची जागा हेडखाली येईपर्यंत थांबावं लागतं, त्यात हेड सरकायला वेळ, त्यामुळे विखुरलेल्या जागी अशी वाचनं सेकंदाला शंभराच्या आसपासच होतात. विंडोज सुरू होताना इकडून तिकडून हजारो लहान तुकडे मागते. धडधाकट हार्डडिस्कवरसुद्धा विंडोज १० रांगतेच. एसएसडीत फिरणारं काही नाही, ती सेकंदाला हजारोंनी वाचते. मेव्हण्यांचं म्हणणं याच्यानंतर येतं. ४ जीबी रॅममध्ये विंडोज, टॅली आणि ब्राउझरची दहा पानं मावत नाहीत, मग विंडोज उरलेलं सामान डिस्कवर नेऊन ठेवते आणि डिस्क आणखी गांजते. ८ जीबी जरूर करा. पण आधी एसएसडी, मग रॅम. २०१६च्या मशीनमध्ये डीडीआर३ किंवा डीडीआर४, दोन्हींतली कुठलीही असू शकते आणि एकीची दुसरीत बसत नाही, तेव्हा जुनी काढून दुकानात सोबत न्या.

एक फुकटातली गोष्ट. विंडोज १० शटडाउन केली तरी 'फास्ट स्टार्टअप'मुळे पूर्ण बंद होत नाही, गाभा तसाच डिस्कवर लिहून ठेवते आणि सकाळी तोच उचलते. म्हणून कधी काही अडलं तर शटडाउन नव्हे, रीस्टार्ट करा. तुमच्याकडे मी फास्ट स्टार्टअप बंदच करेन.

हे झालं कशामुळे

हे विचारलं नाहीत, पण याशिवाय उत्तर पुरं होणार नाही. नवी एसएसडी टाकूनही पुढच्या मे महिन्यात तुम्ही पुन्हा हाच प्रश्न विचाराल.

तुम्ही ओघात लिहिलंय की यूपीएस दोन वर्षांपासून 'नावालाच' आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या पत्रातलं हेच महत्त्वाचं वाक्य. फाइल सेव्ह केली म्हणजे ती त्याच क्षणी डिस्कवर पोचली असं नसतं. काही वेळ ती रॅममध्ये आणि डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, रेंगाळते. तेवढ्यात लाईट गेली की अर्धी लिहिली जाते. विंडोजची एनटीएफएस रचना अशा वेळी स्वतःच्या नोंदी सांभाळते, पण फाइलीतल्या मजकुराची हमी देत नाही. सातबारा शाबूत, शेतातलं पीक वाहून गेलं, तसं. आणि आपल्याकडे लाईट एकदा जात नाही. जाते, येते, पुन्हा जाते. येताना जो झटका बसतो तो जाण्यापेक्षा वाईट. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळानंतर लाईट परत आली त्या आठवड्यात माझ्याकडे एसएमपीएसची, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यांची, रांग लागली होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या डिस्कनी पुढच्या सहा महिन्यांत मान टाकली.

यूपीएसची बॅटरी आपल्या हवेत दोन-तीन वर्षं टिकते. यूपीएस चालू दिसतो, दिवा हिरवा असतो, आणि लाईट गेल्यावर दोन सेकंदांत टीं करून झोपतो. महिन्यातून एकदा, मशीनवर काही महत्त्वाचं उघडं नसताना, भिंतीवरचा स्विच बंद करून बघा. पाच मिनिटं तग धरली पाहिजे. बहुतेक लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची बॅटरी असते, ती बदलून मिळते, नवा यूपीएस घ्यायची गरज नसते. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसवर लावू नका, तो तापताना एवढा करंट ओढतो की यूपीएस बसतो.

मग अर्थिंग. मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का? आपल्याकडची घरं जांभ्याच्या कातळावर. पावसाळ्यात अर्थिंग उत्तम आणि एप्रिल-मेमध्ये खड्डा कोरडा ठणठणीत पडला की ती नावालाच उरते. तुमचे निळे पडदे मेपासून सुरू झाले हे मला उगाच वाटत नाही. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्या. तीनच्या वर असेल तर मी अर्थिंगकडे बघायला सांगतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन घागरी पाणी घाला. हसू नका, ही कॉम्प्युटरचीच दुरुस्ती आहे.

वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात दमटपणाशी भांडून उपयोग नाही. पावसाळ्यात मशीन वापरायचं नसलं तरी रोज तासभर चालू ठेवा, स्वतःच्या उबेने ते कोरडं राहतं. प्लास्टिकचं आवरण घालू नका, आत घाम धरतो. मुंग्या एसएमपीएसमध्ये अंडी घालतात, तेव्हा जून लागण्याआधी एकदा उघडून झटका. तुमच्याकडे त्यात बॉयलरची वाफ आणि सोलाईच्या टरफलांची धूळ. मशीन त्याच शेडमध्ये असेल तर दुसऱ्या खोलीत न्या. पंख्यावर बसलेला तो तांबूस थर मी काजूच्याच कारखान्यांत पाहिलाय, कापडाने निघत नाही, ब्रश लागतो.

विंडोज ११बद्दल थोडक्यात. २०१६चा आय-थ्री बहुधा सहाव्या पिढीचा किंवा त्याआधीचा असेल, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालते. आडवाटेने टाकता येते, पण धंद्याच्या मशीनवर मी टाकत नाही. उलट विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सुरक्षेच्या जादा अपडेटची योजना घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. म्हणून या मशीनवर फार खर्च करू नका. एसएसडी आणि यूपीएसची बॅटरी घ्या. एसएसडी पुढे नव्या मशीनलाही लावता येईल, बॅटरी तर लागणारच आहे.

दुकानदाराकडे मशीन नेताना तीन गोष्टी त्याला तोंडावर सांगा. जुन्या डिस्कला हात लावायचा नाही, ती आधी काढून माझ्या हातात द्यायची. विंडोज खरी टाकायची, क्रॅक मारलेली नाही, कारण क्रॅक चालावा म्हणून अँटीव्हायरस बंद करून ठेवतात आणि मग सहा महिन्यांनी तुम्ही पुन्हा दारात. आणि पैसे देण्याआधी नव्या एसएसडीच्या नोंदी क्रिस्टल-डिस्क-इन्फोवर समोर उघडून दाखवायच्या. ती किती तास चालली आहे तेही तिथे दिसतं. नवीच्या नावाखाली वापरलेली गळ्यात पडू शकते.

जुनी डिस्क घरी आणून तिच्यावर चिठ्ठी चिकटवा, तारीख घाला, आणि किमान पुढचं आयकर विवरणपत्र भरून होईपर्यंत कपाटात ठेवा. काय राहिलं होतं ते नेहमी तेव्हाच आठवतं. ०५, सी५, सी६, सी७ हे चार आकडे मिळाले की इथेच लिहा, मग पुढचं बोलू.